तेमीनं मुरवलेली बाटली

बाईनं सिगारेट वळावी, ओढू नये, हा आमच्या कुदुस गावचा कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण मोडून बघा. पहाटेच्या अंधारात हजारो बायका कारखान्यांत शिरतात, बोटं काळी होईस्तोवर तंबाखूत लवंग घातलेल्या लवंगी सिगारेटी वळतात आणि त्या सगळ्या पुरुषांच्या तोंडात जातात. एखाद्या बाईच्या ओठांत एक जरी दिसली तरी गल्लीभर बोभाटा. मी स्वतः ओढत नाही, मला धुराचा तिटकारा आहे. पण हा कायदा कुणी केला आणि कुणाला विचारून केला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी कासमिना. तेमी माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला यू म्हणते, म्हणजे ताई. कारखान्यात आमची जोडी होती. ती सिगारेट वळायची, मी कात्रीनं दोन्ही टोकं कापायची. अशी जोडी नवरा-बायकोपेक्षा जास्त बोलते आणि कमी भांडते. तेमी बुटकी, अंगानं रुंद आणि आवाजानं त्याहून रुंद. रस्त्यानं चालली की वाटावं, रस्ता हिच्या नावावर आहे. सिगारेट वळताना ती हाताकडं कधी बघायची नाही, समोर बघून बोलत राहायची आणि खाली सिगारेटी पडत राहायच्या. मुकादम ओरडला की म्हणायची, "तोंड माझं चालतंय, हात तुमचे चालतायत, तक्रार काय आहे?"

तिचा नवरा साकदून त्याच कारखान्यात सॉसच्या खोलीत होता. तंबाखूवर लवंगेचा, फळांचा, काय काय असेल त्याचा अर्क शिंपडायचा आणि गोणपाटाखाली झाकून मुरवत ठेवायचा, हे त्या खोलीतलं काम. तिथं बायकांना मज्जाव. त्यात काय घालतात ते साकदूननं घरीसुद्धा कधी सांगितलं नाही. तेमी म्हणायची, "खोली बंद ठेवतील, पण शर्ट कुठं ठेवतील? धुवायला माझ्याकडंच येतात ना?" ती शर्ट आधी नाकाला लावायची आणि मग पाण्यात टाकायची. न्हाणीच्या मागं, विहिरीशेजारी, एखादं थोटूक ती गुपचूप ओढायची तेव्हा बादली घेऊन पहाऱ्याला मीच उभी असायची.

आम्ही दोघी निवृत्त झालो, साकदूनही झाला. त्याच्या घरापुढं कमरखाच्या झाडाखाली एक बाक आहे. बांबू तेमीच्या माहेरचा, पण बसायचे साकदून, कुसवादी शिंपी आणि गल्लीचा प्रमुख रोहमादी. दुपारची नमाज झाली की तिघं तिथं बसून धूर काढायचे आणि देश चालवायचे. तेमी चहाचा ट्रे ठेवायची आणि आत जायची. ट्रेमध्ये ग्लास तीनच.

एका ईदला त्यांचा मुलगा बाग्यो सेमारांगहून आला आणि बापाला व्हेप, म्हणजे रसाची वाफ ओढायचं यंत्र, देऊन गेला. बापाला खोकला होता, निदान धूर तरी सुटेल, ही त्याची आशा. साकदूननं ते यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि बाकावर टाकलं. "लवंगीच्या गावात जन्मलो मी. हे बायकांचं खेळणं मला कशाला?"

तेमीनं ट्रे खाली ठेवला. "बायकांचं आहे ना? मग माझं झालं." तिनं ते उचललं आणि कमरेला खोचलं. तिघंही हसले. ती हसली नाही, हे मी समोरच्या माझ्या ओट्यावरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला ओढत घेऊन ती बसस्टँडजवळच्या दुकानात गेली. दुकान गालिह नावाच्या पोराचं. कानाला एवढी मोठी भोकं की त्यातून शेंग आरपार जावी. त्यानं व्हेपमध्ये घालायचे रस एकेक करून हुंगायला दिले. स्ट्रॉबेरी-दूध, केक, बबलगम. तेमीनं नाक मुरडलं. "अरे, हे ओढायचं की वाढदिवस करायचा? मला लवंग पाहिजे. चांगला तंबाखू पाहिजे. आणि मागं कढईला लागलेल्या जेनांगचा वास पाहिजे, गूळ आणि नारळाचं दूध करपतं तसा." गालिह तिला ईबू, म्हणजे आई, म्हणायचा. म्हणाला, "ईबू, असलं तयार मिळत नाही. घरी बनवावं लागेल." तेमी म्हणाली, "मग सांग."

पोरगं भलं होतं. ग्लिसरीन किती, निकोटीन किती, अर्क किती, हातमोजे का घालायचे, सगळं त्यानं समजावलं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्ही वाईट. सोडायचं तर दोन्ही सोडा." खरं तेच, आणि मी तेमीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "नर्सबाईनं बाकावरच्या तिघांना हे सांगितलंय का कधी?"

स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचं कापड अंथरून तिनं पहिला घाणा बनवला. सुई काढलेल्या सिरिंजनं थेंब थेंब मोजत. रस पाण्यासारखा फिका झाला. तिनं लगेच व्हेपमध्ये घालून झुरका घेतला आणि असा ठसका लागला की मोरीचा काठ धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "साबणाच्या पाण्यात लवंग उकळलीय कुणीतरी," एवढंच बोलता आलं तिला.

गालिह फोनवर हसला. "मुरू द्या ना, ईबू! अंधारात ठेवा, महिनाभर तरी. रोज एकदा हलवा. सुरुवातीला थोडा वेळ झाकण उघडा, उग्र वास जाऊ दे, मग घट्ट बंद. घाई असली तर काही जण गरम पाण्यात ठेवतात, पण चव जाते."

"घाई कुणाला आहे?" तेमी म्हणाली.

पण तो ठसका साकदूननं ऐकला होता. संध्याकाळी त्यानं बाकावर त्याची नक्कल करून दाखवली, मोरी, काठ, सगळं. कुसवादी शिंपी तर हसून हसून आडवा झाला. तेवढ्यात तेमी चहा घेऊन बाहेर आली. ट्रे खाली न ठेवता उभी राहिली.

"हसून घ्या," ती म्हणाली. "माझं मुरलं की मी इथं येऊन बसणार. याच बाकावर. दिवसाउजेडी. आणि तुमच्यासमोर ओढणार."

साकदूनचं हसू गेलं. "बुने, आत जा." बुने म्हणजे पोराची आई, पाकने म्हणजे पोराचा बाप; आमच्याकडंही नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत.

"जाते, पाकने. बाटली हलवायचीय."

मी तिला विचारलं, बसायचंच असेल तर उद्या बस, दुकानातलं केकचं घालून बस. महिनाभर कशाला थांबायचं? ती माझ्यावर डाफरली. "वेडी आहेस का? चारचौघांत पहिल्यांदा ओढणार आणि ठसका लागला तर? मेल्यावरही हसतील मला. आणि केक का ओढू? माझ्या हातानं जन्मभर यांच्यासाठी लवंगी वळली. आता माझ्यासाठी करतेय, तर ती माझ्या मनासारखी होऊ दे."

त्या दिवसापासून गल्लीला दुसरा विषय उरला नाही. बाग्योचा फोन आला, "आई, मी ते बाबांसाठी आणलं होतं." तेमी म्हणाली, "बाबांनी टाकलं. टाकलेलं उचलायला बंदी आहे का?" रोहमादी बाटिकचा इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमुख म्हणून, रीतसर समजवायला आला.

"लोक काय म्हणतील, ईबू तेमी?"

"लोक म्हणजे कोण? तुम्हीच ना? मग म्हणा की, मी ऐकतेय."

"मशिदीत जाणारे याच रस्त्यानं जातात."

"ते जातात तेव्हा तुमच्या हातात काय असतं? उदबत्ती?"

रोहमादी चहा अर्धा टाकून गेला. बाकावर मात्र त्यांचा एक बेत ठरला होता, तो मला शिंप्याच्या बायकोकडून कळला. तेमी येऊन बसली की तिघांनी उठून जायचं. एकटी बाई रिकाम्या बाकावर किती वेळ टिकेल? एक दिवस, फार तर दोन.

साकदूनला तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्याचं दुसरंच काहीतरी दुखत होतं. घरात काहीतरी मुरत होतं आणि त्याला कुणी विचारत नव्हतं! तो येता-जाता बाटल्या ठेवलेल्या कपाटाकडं बघून कुरकुरायचा. "असं थंड, बंद बाटलीत कधी मुरतं का? ऊब लागते. घाम फुटावा लागतो."

"हा पाला नाही, पाकने."

"मला शिकवतेस? माझा जन्म मुरवण्यात गेला."

"तंबाखू मुरवण्यात."

मग तेमी भाचीच्या लग्नाच्या स्वयंपाकाला जेपाराला गेली. परत आली तेव्हा मी तिच्यासोबत होते, तिची पिशवी माझ्याच हातात होती. अंगणात, पत्र्यावर, भर उन्हात, ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या सगळ्या बाटल्या उभ्या ठेवलेल्या. झाकणं उघडी. साकदून शेजारी उभा राहून पाणी शिंपडत होता, अगदी सॉसच्या खोलीतल्यासारखा.

"रंग बघ, रंग!" तो म्हणाला. चेहरा फुललेला. "महिन्यानं आला नसता असा रंग दोन उन्हांत आणला."

रस काळपट तपकिरी झाला होता. तेमीनं एक बाटली नाकाशी नेली. मलाही हाताच्या अंतरावरून वास आला, जळक्या रबरासारखा. कारखान्यातला पाला ऊन-उबेत घामेजतो आणि गोड होतो. हा रस ऊन लागलं की मरतो. गालिहनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साकदूनला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. तेमीनं एकेक बाटली उचलली आणि गटारात ओतली. शेवटचीसुद्धा.

"अगं, मदत केली तुला!"

"मागितली होती का?" ती म्हणाली आणि आत गेली.

बाकावर त्या संध्याकाळी सुटका झाल्यासारखं वातावरण होतं. मी संतापून तेमीला म्हटलं, यू, यानं मुद्दाम केलं. तिनं मान हलवली. "नाही गं. त्यांना खरंच वाटलं की आपण चांगलं करतोय. त्यांचा हात लागल्याशिवाय या घरात काही मुरू शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलेलंच नाही. दुष्टावा असता तर भांडले असते. याच्याशी काय भांडायचं? पुन्हा बनवायचं."

आणि सकाळी ती गालिहच्या दुकानाबाहेर उभी होती, शटर उघडायच्या आधी.

दुसरा घाणा तिनं माझ्या घरी ठेवला, माझ्या कपाटात, सारोंगांच्या घडीमागं. मला विचारलं नाही, सांगितलं. रोज सकाळी मी उठायची, बाटल्या हलवायची, मग तोंड धुवायची. पहिल्या काही दिवसांत झाकणं उघडून ठेवली तर माझ्या सगळ्या कपड्यांना लवंगेचा वास यायला लागला. गुरुवारच्या कुराणपठणाला शेजारची विचारते, "कासमिना, तूसुद्धा ओढायला लागलीस की काय?" मी म्हटलं, "मी नाही, माझे कपडे ओढतात."

हळूहळू रस बदलला. पाण्याचा पिवळसर झाला, पिवळसरचा चहासारखा. बाटली उघडली की आधी जो साबण नाकात घुसायचा तो कुठंतरी खाली बसला आणि मागून गूळ वर आला. मला आवडत नसलेल्या गोष्टीची मी वाट बघू लागले, याचा मला रागच यायचा.

एक दिवस साकदून माझ्या दारात आला. हातात शिडी, जणू ती परत द्यायला आलाय. शिडी माझी नव्हतीच.

"रंग कसा आलाय?" त्यानं हळूच विचारलं.

"कशाचा?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस."

"यू तेमीनं सांगू नको म्हणून सांगितलंय."

तो तिथंच घुटमळला. मग एकदम चेहरा कडक करून म्हणाला, "तिला सांग. ती बाकावर बसली तर मी उठेन. आणि एकदा उठलो तर परत तिच्याशेजारी बसणार नाही. ना बाकावर, ना ताटावर. मी नुसतं बोलत नाही." शिडी खांद्यावर टाकून तो गेला.

मी तेमीला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"ताटावरही म्हणाले?"

"हो."

"ते बोलतात ते करतात. एकदा माझ्या भावाशी अबोला धरला तो त्याच्या मयतीपर्यंत धरला." तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत. "वाईट वाटतंय गं मला. खूप वाईट वाटतंय. पण वाईट वाटतंय म्हणून मी आत बसायचं? ते बाहेर बसतात तेव्हा त्यांना कधी वाईट वाटलं?"

"मग?"

"मग काय? झालं असेल तर आण बाटली. उद्या बसते."

मी बाटली आणली आणि म्हटलं, अजून चार-पाच दिवस राहिलेत. तिनं झुरका न घेताच थेंबभर रस बोटावर घेऊन हुंगला आणि मान हलवली. "नाही. अजून टोचतंय." नवरा ताट वेगळं करायच्या गोष्टी करत होता, गल्ली तोंड लपवून हसत होती, आणि ही बया चार दिवसांसाठी अडून बसली! पण त्या चार दिवसांत ती साकदूनला रोज गरम जेवण वाढत होती आणि तो रोज गपचूप जेवत होता.

मग एका दुपारी तिनं हिरवा कबाया घातला, लग्नाला घालते तो. केस ओले होते, घट्ट बांधले. ट्रेमध्ये चार ग्लास ठेवले. बाहेर येऊन तिनं तीन ग्लास त्या तिघांपुढं ठेवले, चौथा स्वतःच्या हातात घेतला आणि बाकाच्या टोकाला बसली.

शिंपी लगेच उठला. "कापड कापायचं राहिलंय." रोहमादीही उठला, त्याला कुठंतरी सभा होती. साकदून बसून राहिला. त्याच्या बोटांत अर्धी जळलेली सिगारेट होती आणि तो समोरच्या रस्त्याकडं बघत होता. तेमीनं कमरेचं यंत्र काढलं, ओठांना लावलं आणि ओढलं. मी ओट्यावर उभी. सावकाश, पांढरा, गुबगुबीत धूर तिच्या नाकातोंडातून निघाला आणि कमरखाच्या फांद्यांत गेला. ठसका नाही. घसा खाकरणंसुद्धा नाही. लवंग, मग तंबाखू, आणि सगळ्यांच्या मागून कढईच्या तळाचं जेनांग. सगळ्या गल्लीला तो वास आला.

साकदूननं अर्धी सिगारेट जमिनीवर विझवली. उठला, आत गेला, दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तेमी बसून राहिली. लांबून बघणाऱ्याला ती मजेत दिसली असती. पण हातातला चहा तिनं अजून तोंडाला लावला नव्हता. मशिदीकडं निघालेले दोघं तिच्याकडं न बघता रस्त्याच्या पलीकडून गेले. ती एकटी, बाक केवढा तरी मोठा.

मला गुडघेदुखी आहे, उतरायला वेळ लागतो. पण मी ओट्यावरून उतरले, रस्ता ओलांडला आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं साकदूनचा न प्यालेला चहा माझ्यापुढं सरकवला. मी प्याले. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते आणि मी तिथून हलणार नव्हते. थोड्या वेळानं कोपऱ्यावरची सुर्ती आली, हात पुसत. "बघू तरी, वास कसला येतोय." ती बसली. मग शिंप्याची बायको आली, कडेवर नातू. "आमच्या ह्यांचं कापड काही कापून होत नाही," म्हणाली आणि सुर्तीला ढकलून बसली. बाक कुरकुरला. तेमीच्या माहेरचा बांबू, तो काय मोडतोय.

आम्ही चौघी कशावरून तरी मोठ्यानं हसलो, तेव्हा आतली कडी निघाली. साकदून दारात आला. तो उंबऱ्यावर उभा राहून हवा हुंगत होता, सॉसच्या खोलीत गोणपाट उघडून हुंगत असेल तसा, डोळे अर्धे मिटून.

"लवंग जरा कमी पडलीय," तो म्हणाला.

"मला एवढीच आवडते," तेमी म्हणाली.

तो एक पायरी उतरला. आणखी एक. बाकापाशी येऊन उभा राहिला, हात कुठं ठेवावे हे त्याला सुचत नव्हतं.

"सरका जरा," तो शेवटी म्हणाला. आवाज इतका लहान की मला त्याची कीव आली. सवयीनं मी उठायला लागले. तेमीनं माझ्या मांडीवर हात ठेवून मला खाली दाबलं.

"तू बस, कासमिना," ती म्हणाली. मग त्याच्याकडं वळली, आवाज न चढवता, नेहमीच्याच अदबीनं. "इथं जागा नाही, पाकने. बसायचं असेल तर आतून स्टूल आणा."

साकदून मग वळला आणि घरात गेला. दार उघडंच राहिलं. शिंप्याच्या बायकोनं नातवाच्या तोंडावर हात ठेवला. तेमीनं यंत्र ओठांपर्यंत नेलं होतं, पण ओढलं नाही, कान दाराकडं.

मग आतून, फरशीवरून, लाकडी स्टूल फरफटत आणल्याचा आवाज आला.